टपालतिकिटांवरील समुद्ररक्षण : आंगऱ्यांची गुराब व भारतीय तटरक्षक दल

जुन्या कागदांच्या संग्रहांत टपालतिकिटांस आमचे संग्राहक बहुधा थारा देत नाहींत. सनदा, कौल व दस्तकें यांच्या शेजारीं तिकीट ठेवणें त्यांस पोरखेळ वाटतो. परंतु आशियांतील पहिलीं तिकिटें १८५२ सालीं सिंधेंत निघालीं, तो प्रांत त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. पावणेदोनशें वर्षांच्या या कागदाकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहणें आतां अवश्य आहे. समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणासंबंधीं भारत सरकारनें काढलेल्या तिकिटांचा विचार आम्हीं येथें करूं इच्छितों.

यांपैकीं पहिलें १९९९ सालचें. तें तीन रुपयांचें असून त्यावर कान्होजी आंगरे याच्या आरमारांतील गुराब दाखविली आहे. दुसरा २००८ सालचा चार तिकिटांचा संच भारतीय तटरक्षक दलाचा आहे. त्यावर गस्तीचीं जहाजें, होवरक्राफ्ट व डॉर्नियर विमान हीं येतात. दोन्ही एकाच पानावर लावावीं काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. लावल्यास तटरक्षक दल हें मराठी आरमाराचें वारस ठरतें. तसें ठरविण्यास आधार काय, हें पाहिलें पाहिजे.

तटरक्षक दलाचा उगम अगदीं अलीकडचा आहे. १९७० च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील चोरटा व्यापार जकात खात्यास आवरेनासा झाला होता. तेव्हां १९७४ सालीं रुस्तमजी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष खुश्रू फरामर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ सालीं नागपुराजवळील कामठीस झाला, हें वैदर्भीय वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें १९७६ च्या कायद्यानें किनाऱ्यापासून दोनशें सागरी मैलांपर्यंतच्या क्षेत्रांतील संपत्तीवर भारताचा हक्क प्रस्थापित झाला व राखणीचें काम अनेक पटींनीं वाढलें. १ फेब्रुवारी १९७७ रोजीं नौदलाचीं दोन व जकात खात्याचीं पांच जहाजें घेऊन दलाचा तात्पुरता आरंभ झाला. १९७८ च्या ऑगस्टांत त्यास कायद्याचें अधिष्ठान मिळालें. तेव्हां घटनेच्या दृष्टीनें या दलाचा आंगऱ्यांशीं कांहींएक संबंध नाहीं.

मग कर्तव्याच्या दृष्टीनें आहे काय? कान्होजी आपल्या हद्दींतून जाणाऱ्या व्यापारी गलबतांस दस्तकें देई आणि दस्तकावांचून जाणारीं पकडी. इंग्रज व पोर्तुगीज यांनीं हा अधिकार मानला नाहीं आणि इंग्रजांनीं आपल्या कागदांत त्यास चांचा म्हणून लिहिलें. १७२१ सालीं दोघांनीं मिळून कुलाब्यावर केलेली चढाई फसली, तरी ती शिवी मात्र पुढील कित्येक इंग्रजी ग्रंथांत टिकून राहिली. वस्तुतः पोर्तुगीज स्वतःच परवान्यावांचून फिरणारीं जहाजें जप्त करीत. यावरून वाद कृत्याचा नव्हता, परवाना देण्याचा अधिकार कोणाचा याचा होता, हें उघड आहे.

या मुद्द्यावर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा दाखला देण्याचा मोह होतो. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग होय, कौल घेऊन येणाऱ्या सावकारांस उपद्रव लागूं नये, आणि जहाजांसाठीं रयतेचीं आंब्याफणसाचीं झाडें जुलमानें तोडूं नयेत, असा त्यांतील आशय सर्वश्रुत आहे. परंतु आज्ञापत्र कोल्हापूरकर संभाजीच्या नांवें लिहिलेलें असून तें १७१५-१६ च्या सुमाराचें मानतात, आणि त्यापूर्वींच कान्होजी बाळाजी विश्वनाथाच्या खटपटीनें शाहूच्या पक्षास मिळाला होता. तेव्हां आंगऱ्यांच्या प्रत्यक्ष वर्तनाचा तो पुरावा नव्हे. समुद्राची राखण हें राजाचें काम आहे, ही कल्पना मराठी मुत्सद्यांस स्पष्ट होती, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें. आमच्या मतें तेवढें पुरेसें आहे.

सारांश, दोन्ही तिकिटें शेजारीं लावण्यास हरकत नाहीं. मथळे मात्र निरनिराळे असावेत. आंगऱ्यांचें आरमार लढाऊ होतें व किनाऱ्याची राखणही तेंच करी; आज हीं कामें नौदल व तटरक्षक दल यांत वांटलेलीं आहेत. शिवाय १९९९ चें तिकीट हा अठराव्या शतकांतील जहाजबांधणीचा पुरावा धरूं नये. इंग्रजी दप्तरांत चांचा ठरलेल्या सरखेलास स्वतंत्र भारताचें सरकार कोणत्या नात्यानें स्मरतें, याचा मात्र तो अस्सल पुरावा आहे. दस्तक काय किंवा तिकीट काय, दोहोंचें मोल त्यांवरील राजमुद्रेंत आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, तिकीट लिफाफ्यावरून सोडवूं नये. टपालाचा शिक्का, गांव व तारीख यांसह संपूर्ण लिफाफा जपावा, आणि तिकिटासोबत निघणारें माहितीपत्रकही ठेवावें. सुटें तिकीट बाजारांत केव्हांही मिळेल. परंतु समुद्रापासून शेंकडों मैल दूर, चिंतामणीच्या कळंबासारख्या यवतमाळ जिल्ह्यांतील गांवाच्या शिक्क्याचा एखादा लिफाफा हातीं आला, तर किनाऱ्याची ही आठवण वऱ्हाडांत कोठवर पोंचली तें तो सांगेल. असे लिफाफे आज रद्दींत जात आहेत. मोडी रुमालांची अशीच उपेक्षा झाली होती, तिची पुनरावृत्ति होऊं नये.