बीड जिल्ह्यावरील आकाशमार्ग : दृष्टीकडून लेखाकडे

जिल्ह्याचा इतिहास लिहिताना जमीन, महसूल, नद्या, बाजारपेठा आणि देवस्थाने यांचा विचार होतो. जिल्ह्यावरील आकाशाचा विचार सहसा होत नाही. बीडच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच स्वाभाविक ठरली, कारण नियमित विमानसेवेचा तळ या जिल्ह्यात नाही. तथापि ज्या प्रदेशात विमान उतरत नाही, त्या प्रदेशावरून ते कोणत्या आधाराने जाते, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या महत्त्वाचा आहे. आरंभी वैमानिकाची दृष्टी हा तो आधार होता; पुढे उपकरणे आली; आणि अखेरीस उड्डाणापूर्वी सादर केलेला एक लेख, म्हणजे उड्डाण-योजना, हा त्या उपकरणांइतकाच मोलाचा आधार ठरला. एकट्याने विमान चालविणाऱ्या खासगी वैमानिकाच्या दृष्टीने हा बदल केवळ तांत्रिक नाही. त्याच्या जीविताचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात देण्यात आलेले वैमानिकाचे पहिले प्रमाणपत्र मिळाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने एकटेच जुहूस आले; तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते आणि जमिनीवरूनही मार्गदर्शनाची सोय नव्हती. पावसाळ्यात जुहूचे मैदान जलमय होई व ही सेवा पुण्यास हलवावी लागे. अशा उड्डाणात वैमानिक भूमीवरील खुणा ओळखीत जात असे आणि त्या खुणांत लोहमार्ग सर्वांत विश्वसनीय मानला जाई. या दृष्टीने बीडचा प्रदेश वैमानिकास फारसा अनुकूल नव्हता. परळी वैजनाथ येथे निजामी राजवटीत पूर्वेकडून रेल्वे आली; परंतु बीड शहरास ती सप्टेंबर २०२५ मध्ये लाभली. बाकी खुणा म्हणजे उत्तरेची गोदावरी, मधला बालाघाटाचा कडा आणि त्यावरून उतरणाऱ्या नद्या. आणि ढग खाली आले म्हणजे त्याही दिसेनाशा होत.

दृष्टी नाहीशी झाली असता केवळ धैर्य उपयोगी पडत नाही. ढगात शिरलेल्या वैमानिकास कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय फसविते. विमान वळत असताही ते सरळ चालले आहे असा भास होतो. यावर उपाय म्हणजे शरीराच्या साक्षीपेक्षा उपकरणांच्या साक्षीवर विश्वास ठेवणे. जेम्स डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत झाकलेल्या आसनातून, बाहेर न पाहता, उड्डाण व अवतरण करून हे शक्य असल्याचे सिद्ध केले. महाराष्ट्रात या विद्येचा व्यापक उपयोग नागपूरच्या रात्रीच्या टपालसेवेत दिसतो. १९४९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. १९५३ मध्ये विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होण्यापूर्वी काही काळ ही सेवा हैदराबादच्या डेक्कन एअरवेजकडे होती. मुंबई-नागपूर सरळ रेषा औरंगाबादजवळून जाते. मुंबई-हैदराबाद रेषा बार्शीच्या आसपास पडते. बीड या दोहोंच्या मध्ये राहिले.

एकाच ढगात दोन विमाने असतील तर त्यांना परस्परांचे अस्तित्व कळणार कसे, हा प्रश्न उपकरणांनी सुटला नाही. त्यासाठी हेतूची पूर्वसूचना आवश्यक झाली. ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या शिकागो करारातून निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकांनी उड्डाण-योजनेस निश्चित रूप दिले. विमानाची ओळख, उड्डाणाचे नियम, उपकरणे, निघण्याची वेळ, वेग, उंची, मार्ग, गंतव्य, पर्यायी विमानतळ, इंधन किती वेळ पुरेल आणि विमानात किती माणसे आहेत, हे सर्व तीत नमूद करावे लागते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. म्हणजे भारतातील सकाळचे नऊ तेथे ०३३० असे नोंदले जातात. भारतात खासगी वैमानिकास याशिवाय हवाई संरक्षण यंत्रणेची अनुमती घ्यावी लागते व तिचा क्रमांक मिळाल्यावाचून निघता येत नाही.

मुंबई ते नांदेड हे उदाहरण घेतल्यास या लेखाचे स्वरूप स्पष्ट होते. ही सुमारे ४७० किलोमीटरची रेषा जवळजवळ थेट पूर्वेस जाते, बीड शहराच्या किंचित उत्तरेकडून गंगथडीवर येते आणि माजलगावच्या परिसरावरून गोदावरी ओलांडते. मार्गाच्या दोन्ही अंगांस आठ किलोमीटरांतील सर्वोच्च अडथळ्यापेक्षा ३०० मीटर, आणि डोंगराळ मुलखात ६०० मीटर, अधिक उंची राखणे बंधनकारक आहे. त्यामुळे बीडवरील उंची बालाघाट ठरवीत नाही. ती आधीच सह्याद्रीने ठरविलेली असते. पूर्वेकडे जाताना विषम सहस्रांची पातळी, म्हणजे ७,००० वा ९,००० फूट, आणि परतताना सम सहस्रांची पातळी घ्यावयाची असते. ताशी ११० सागरी मैल वेगाच्या विमानास शांत हवेत सुमारे २ तास २० मिनिटे लागतील. पावसाळ्यातील २५ मैलांचा पश्चिमवारा समोरून आला तर परतीस जवळजवळ ३ तास लागतील. इंधनाचा हिशेब जाण्याच्या वेळेवरून करणाऱ्यास हा फरक महागात पडतो.

जिल्ह्यावरील सुमारे अर्ध्या तासात संदेशयंत्र बंद पडले तर काय, हा या व्यवस्थेचा खरा कसोटीचा प्रश्न होय. नियम असा की, ढगात अडकलेल्या वैमानिकाने ठराविक अवधीपर्यंत शेवटची दिलेली उंची व वेग राखून पुढे सादर केलेल्या योजनेप्रमाणेच जावे. नियंत्रकही तो तसाच जाईल असे धरून इतर विमाने दूर ठेवतो. संभाषण थांबते; पण दोघांसमोर एकच कागद असल्यामुळे समजूत थांबत नाही. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत विमानाची वार्ता नसेल तर अनिश्चिततेची अवस्था जाहीर होते व पुढे शोध सुरू होतो. तो शोध गेवराईकडे घ्यावा की माजलगावकडे, हे त्या लेखातील मार्ग व वेळा यांवरूनच प्रथम ठरते.

उपग्रहाधारित 'गगन' प्रणालीमुळे वैमानिकास स्वतःचे स्थान अचूक कळू लागले आहे. तथापि स्वतःचे स्थान स्वतःस कळणे आणि आपला हेतू इतरांस कळणे या भिन्न गोष्टी आहेत. टाटांच्या एकाकी उड्डाणात पहिलीचीच चिंता होती. उड्डाण-योजनेने दुसरीची सोय केली आणि त्याबरोबर वैमानिकावर एक कर्तव्यही लादले : लिहिल्याप्रमाणे जाणे, बदल झाल्यास कळविणे, आणि पोचल्यावर पोचल्याची वर्दी देणे. बीडच्या आकाशातील मार्ग जमिनीवर कोठेही उमटलेला नाही; या कर्तव्याच्या पालनानेच तो प्रत्येक वेळी अस्तित्वात येतो.