रांगेतली जागा

फौजी माणसाचा दिवस बिगुलावर उजाडतो आणि बिगुलावरच मावळतो. वर्दी उतरली की तो आवाज एकदम थांबतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांनी यावर आपल्या परीने तोड काढली.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, त्यांनी ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना उभारली. तिच्या गावोगावच्या शाखांनी ड्रम आणि बिगुलांची पथके काढली. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्यांनी त्यात भर घातली : १९४५ मध्ये न्यूयॉर्कचे स्कायलाइनर्स, १९४६ मध्ये न्यू जर्सीचे हॉथॉर्न कॅबालेरोज. मुलांच्या ज्युनियर पथकांत ठरावीक वयानंतर बाहेर पडावे लागे. सीनियर पथकांना वयाची मर्यादा नव्हती.

साध्या बिगुलाला कळ नसते. ओठांच्या ताणावर मोजकेच सूर निघतात. इशाऱ्याला ते पुरतात, गाण्याला नाही. म्हणून पथकांनी पुढे बिगुलाला व्हॉल्व्ह बसवले, लहानमोठ्या आकाराचे बिगूल जोडले. शिस्त मात्र परेडचीच राहिली. स्पर्धेत परीक्षक पोशाख तपासत आणि दिसेल त्या चुकीला गुण कापत. दिवसभर नोकरी करून आलेली माणसे यासाठी पुन्हा कदमताल घोटत.

स्कायलाइनर्स आता स्पर्धेच्या मैदानात नाहीत. पण त्यांचे जुने गडी नंतरही एकत्र येऊन वाजवत राहिले.

आपल्याकडे माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शनवर बोलणे होते, आणि ते व्हायलाच हवे. सोबत तालुक्यातल्या चार निवृत्त बँडवाल्यांनाही बोलवा. पेन्शन सरकार देते. रांगेतली जागा आपली आपणच राखायची असते.