सांध्याची परीक्षा

गोंदियाहून दक्षिणेस कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोरेगांव हें तालुक्याचें गांव लागतें. १९९९ पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. आतां तो गोंदिया जिल्ह्यांत आहे. धानाच्या बांध्या, तळीं आणि रान यांवर प्रवाशाची दृष्टि सहज रेंगाळते. परंतु अशा रस्त्यांच्या कडेला निळा लखलखाट करणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानाकडे सुशिक्षित मनुष्य क्वचितच पाहतो. एका परीनें तें बरेंच, कारण त्या प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहणें धोक्याचें असतें. मात्र लोखंडास लोखंड जोडण्याची ही विद्या ज्या वाटेनें येथवर आली, ती वाट न्याहाळण्यांत कांहींच धोका नाहीं. माणसाला आपल्या हाताचा भरंवसा कसा येतो, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्याच वाटेवर सांपडतें.

या भागास लोखंड नवें नाहीं. उत्तरेच्या बालाघाट व मंडला या जिल्ह्यांत अगरिया नांवाची जमात पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्टींत दगडापासून लोखंड गाळीत असे. व्हेरियर एल्विन यांनीं १९४२ मध्यें या जमातीवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. लोहासुर भट्टींत वास करतो, अशी या लोकांची श्रद्धा. अशा लहान भट्टींतून निघणारा लोखंडाचा गोळाही लहानच. मोठी वस्तु करावयाची तर गोळ्यावर गोळा तापवून घणाखालीं एकजीव करावा लागे. दिल्लीचा लोहस्तंभ गुप्तकालीन कारागिरांनीं याच रीतीनें घडविला. सुमारें सात मीटर उंचीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा तो स्तंभ म्हणजे एका अर्थीं सांध्यांचीच रास आहे.

गांवच्या लोहाराचें कसब याच कुळांतलें. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवावयाची म्हणजे लोखंडी पट्टी वांकवून तिचीं टोकें एकमेकांवर आणावयाचीं, तीं ठोकून उतरतीं करावयाचीं, आणि भट्टींत तापत असतां त्यांवर वाळू किंवा टांकणखार टाकावयाचा, म्हणजे लोखंडावर धरणारा मळ वितळून वाहून जातो. पुढचा सगळा प्रश्न रंगाचा. नुसतें लाल झालेलें लोखंड सांधत नाहीं. पांढरें होऊन तडतडा ठिणग्या फेकूं लागलें कीं तें जळूं लागलें असें समजावें. या दोहोंमधला क्षण ओळखावयाचा आणि भट्टीपासून ऐरणीपर्यंतच्या दोन पावलांत तो निसटूं द्यावयाचा नाहीं. हें सांगणारें पुस्तक नव्हतें. मुलगा भाता ओढतां ओढतां वर्षानुवर्षें तो रंग पाहत असे, आणि एके दिवशीं बाप सांडशी त्याच्या हातीं देई.

त्या दिवसाची परीक्षा कडक असे. तापलेली धाव लांकडी चाकावर चढवून तीवर पाणी ओतलें कीं ती आकसून चाकाला आवळते. सांधा कच्चा असेल तर तो त्याच क्षणीं, गाडीवाल्याच्या देखत, उघडा पडतो. शिवाय लोहार हा बलुतेदार. त्याच्या श्रमाचें मोल सुगीनंतर खळ्यावर धानाच्या रूपानें मिळावयाचें. तोंवर ती धाव दगडाधोंड्यांतून किती फिरली, हें साऱ्या गांवास ठाऊक झालेलें असे.

या विद्येचें दुसरें पर्व परदेशांत सुरू झालें. रशियन साम्राज्यांतील निकोलाय बेनार्दोस यानें १८८१ मध्यें कोळशाच्या कांडीपासून विजेची ज्योत काढून धातु जोडून दाखविला. १८८८ मध्यें स्लाव्यानोव्ह यानें कोळशाऐवजीं धातूचीच कांडी वापरली, म्हणजे कांडीच वितळून सांध्यांत भरूं लागली. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यानें त्या कांडीवर लेप दिला. हा लेप जळतांना वितळलेल्या धातूचें हवेपासून रक्षण करतो व मळ वर काढतो. म्हणजे आमच्या लोहाराची मूठभर वाळू जें काम करी, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ति. याच सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद रुळांची गाडी गोंदियाहून जबलपुराकडे धांवूं लागली, आणि लोखंडाचें नवें जग या मुलखाच्या दाराशीं आलें.

साधन बदललें, तरी शिकणाराची अडचण बदलली नाहीं. नवशिक्याची कांडी प्रथम पत्र्यालाच चिकटून बसते. घाबरून ती दूर धरावी तर ज्योत तुटते किंवा धातूचे थेंब चहूंकडे उडतात. कांडीच्या जाडीएवढेंच अंतर राखून, कांडी झिजत जाईल तसतसा हात खालीं आणीत, एका गतीनें पुढें जावयाचें. आणि हें सारें काळ्या कांचेआडून, जेथें त्या ज्योतीवांचून फारसें कांहीं दिसत नाहीं. हात साधला कीं तव्यावर तेल चुरचुरावें तसा एकसारखा आवाज येऊं लागतो. पूर्वींचा शिकाऊ रंग ओळखी, आतांचा आवाजही ओळखतो.

परंतु हात साधला म्हणजे सांधा साधला असें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें लिबर्टी जातीचीं २,७१० जहाजें बांधलीं, आणि त्यांसाठीं हजारों नवख्या स्त्रीपुरुषांस वेल्डिंग शिकविलें. यांतील बहुतेक जहाजांनीं उत्तम काम दिलें. कांहींना मात्र भेगा गेल्या. १६ जानेवारी १९४३ रोजीं स्केनेक्टडी नांवाचें नवें तेलवाहू जहाज बंदरांत, शांत पाण्यांत उभें असतां दुभंगलें. याचा सारा दोष नवशिक्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तेव्हांचें पोलाद थंडींत ठिसूळ होई, रचनेंतही दोष होते, आणि रिव्हेट मारलेल्या जहाजांत पत्र्याच्या कडेशीं थांबूं शकणारी भेग अखंड सांधलेल्या जहाजांत थेट पुढें धांवे. तथापि सदोष सांधे हेंही एक कारण होतें. वरून सुरेख दिसणाऱ्या रेघेच्या पोटांत काय आहे, हें रेघ सांगत नाहीं, हाच त्यांतला धडा.

म्हणून या धंद्यांत शिकणारास एक विलक्षण गोष्ट करावयास लावतात. दोन पट्ट्या मन लावून जोडावयाच्या, वरची मळी ठोकून काढावयाची, आणि मग तोच जोड शेगड्यांत धरून वांकवावयाचा किंवा मोडून पाहावयाचा. आंत अडकलेली मळी, हवेचीं छिद्रें, न वितळलेली कड, सर्व तेथें उघडें पडतें. १९५० मध्यें आपल्या देशांत कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हांपासून सांडशी बापाकडूनच मिळाली पाहिजे हें बंधन सुटलें. लोहाराच्या घरांत न जन्मलेला मुलगा, आणि मुलगीही, ही विद्या शिकूं शकते. जातीचें कुंपण ओलांडण्याची ही वाट लहान मानूं नये.

आम्ही पांढरपेशे मात्र अजून या वाटेकडे अपयशाची वाट म्हणूनच पाहतों. मुलानें तंत्रशाळेंत जावयाचें म्हटलें कीं घरांत सुतक आल्यासारखें होतें. आमच्या शिक्षणांत उत्तर बरोबर कीं चूक हें दुसरा सांगतो, आणि त्यानें दिलेल्या गुणांवर आमचा आत्मविश्वास उभा राहतो. म्हणून गुण कमी पडले कीं तोही ढांसळतो. वेल्डिंग शिकणारा आपलें चांगलें दिसणारें काम स्वतःच्या हातानें मोडतो, त्याच्या पोटांत पाहतो, आणि पुन्हा कांडी उचलतो. असें कित्येक वेळां केल्यावर त्याच्या हातीं जो भरंवसा येतो, त्याला कोणाच्या शिफारशीची गरज राहत नाहीं. त्या रस्त्यावरून धानाच्या पोत्यांनीं भरलेली ट्रॉली जाते, तिच्यावर माणसेंही बसलेलीं असतात. तीं सर्व त्या भरंवशावरच निर्धास्त असतात. घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस या कामाची ओढ असेल तर त्यांस अडविण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें लक्षांत घ्यावें, हीच आमची विनंति.