प्रतियोगी सहकारिता : मध्यप्रांतातील एक राजकीय प्रकरण

कन्हानच्या पाण्यावर ज्या नागपूरची तहान भागते, त्या नागपूरच्या राजकारणाचा इतिहास आपल्या घरांतील तरुणांस फारसा ठाऊक नसतो. त्यातील इ. स. 1923 ते 1927 हा काळ मुद्दाम अभ्यासण्याजोगा आहे. लोकमान्यांच्या तालमीत वाढलेली, जुन्या वळणाची मंडळी ऐन विजयात कशी हताश झाली व त्या हताशपणात तत्त्वावरील पकड कशी सुटली, हे तेथे स्पष्ट दिसते.

कौन्सिल-बहिष्कार टिळकपक्षीयांस मनापासून कधीच रुचला नव्हता. 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षातर्फे ते मध्यप्रांताच्या कायदेमंडळात शिरले व तेथे त्यांस स्पष्ट बहुमत मिळाले. मतदारांस दिलेले वचन असे की, अधिकारपद घ्यावयाचे नाही, द्विदल राज्यपद्धती मोडावयाची. ते त्यांनी प्रथम पाळलेही. 1924 मध्ये अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचे वेतन सालीना 2 रुपयांवर आणून ठेविले! मंत्री गेले.

पुढे काय? शिक्षण, आबकारी, स्थानिक स्वराज्य ही मंत्र्यांकडील खाती गव्हर्नरांनी आपल्या हाती घेतली. खेड्यापाड्यांचा खरा संबंध याच खात्यांशी. लढाई जिंकली, पण गावची शाळा पुन्हा साहेबाच्या मर्जीवर गेली. या पोकळीतून नैराश्य उपजले.

ऑक्टोबर 1925 मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष, स्वराज्य पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळातील जागा पत्करली. पंडित मोतीलाल नेहरू संतापले. न. चिं. केळकर व बॅ. जयकर यांनी तांब्यांचा पक्ष घेतला. विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झालेले चालतात, मग तांबेच तेवढे दोषी कसे, हा प्रश्न काही अगदीच खोटा नव्हता. फेब्रुवारी 1926 मध्ये अकोल्यास प्रतियोगी सहकार पक्ष निघाला, डॉ. मुंजे व बापूजी अणे त्यात होते.

आमच्या मते पद घेणे हा तत्त्वभ्रंश नव्हे. स्वतः लोकमान्यांनी 1919 साली अमृतसरला प्रतियोगी सहकारितेचाच पुरस्कार केला होता. दोष असा की, मते मागताना एक सांगितले, वागताना दुसरे केले, आणि मग त्यास गुरूचे नाव दिले. जाब कोण विचारणार? मताधिकार सारा भरणाऱ्या व मालमत्ता असणाऱ्या थोडक्यांनाच होता. आपल्या पणजोबांपैकी बहुतेकांस तो नव्हताच.

एकदा दार किलकिले झाल्यावर रांग लागली. 1927 मध्ये स्वराज्य पक्षातील अग्रगण्य ई. राघवेंद्र राव मंत्री झाले. 1929 मध्ये तांबे काही काळ हंगामी गव्हर्नरही झाले.

सर्वांनाच एका मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. अणे 1930 मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले. 1941 मध्ये तेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले, आणि फेब्रुवारी 1943 मध्ये, गांधीजींचा उपवास चालू असता, ते पद सोडून बाहेर पडले.