शिलाई मशीनचा पट्टा गाडीत कसा आला? टायमिंग बेल्टची गोष्ट

आजच्या भागाचा विषय बोनेट उघडलं तरी दिसत नाही. प्लॅस्टिकच्या कव्हरमागे एक दातेरी रबरी पट्टा फिरत असतो. आवाज करत नाही, तेल मागत नाही, आणि बहुतेक वेळा तुटायच्या आधी काही सांगतही नाही. टायमिंग बेल्ट. हा पट्टा घरी बदलता येतो का, असं बरेच जण विचारतात. उत्तर द्यायचं तर आधी तो तिथे आला कसा, हे बघावं लागेल.

आधी काम समजून घेऊ. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, त्याच्यामुळे पिस्टन वर-खाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. या सगळ्या गडबडीत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत, याची जबाबदारी त्या पट्ट्यावर असते.

पूर्वी हे काम साखळी किंवा गिअर करायचे. आपली प्रीमियर पद्मिनी घ्या, म्हणजे मूळची फियाट 1100. तिचा कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या जवळच. मध्ये छोटीशी साखळी, आणि तिथून लांब सळया वरच्या व्हॉल्व्हपर्यंत. स्वस्त आणि दणकट व्यवस्था. पण इंजिन जोरात फिरवायचं तर या सळयांचं वजन आडवं येतं. कॅमशाफ्ट थेट वर डोक्यावर नेला की तो प्रश्न सुटतो, पण मग साखळी लांब लागते. लांब साखळीला तेल हवं, बंद पेटी हवी, आणि ती खडखडते. त्यामुळे ही रचना बराच काळ महागड्या आणि रेसच्या गाड्यांपुरतीच राहिली.

यावरचा तोडगा निघाला शिलाई मशीनमधून. सुई खाली येते तेव्हा हुकाने नेमका त्याच क्षणी दोरा पकडायला हवा. थोडं मागेपुढे झालं की टाका सुटला. 1940 च्या दशकात अमेरिकेत गिलमर या पट्टे बनवणाऱ्या कंपनीतल्या रिचर्ड केस यांनी यासाठी दाते असलेला रबरी पट्टा तयार केला. साधा पट्टा पुलीवरून घसरतो, हा घसरत नाही. गंमत बघा, फिरत्या हुकाच्या अनेक मशीनमध्ये एका टाक्याला हुकाचे दोन फेरे होतात. म्हणजे तिथेही एकास दोन हेच गणित.

तो पट्टा मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारीत पहिल्यांदा घातला तो एखाद्या बलाढ्य कंपनीने नाही. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावात ग्लास नावाची कंपनी होती. मूळ धंदा शेतीच्या यंत्रांचा. युद्धानंतर त्यांनी स्कूटर काढली, मग 1955 मध्ये गोगोमोबिल ही चिमुकली गाडी. 1962 मध्ये त्यांची ग्लास 1004 बाजारात आली. एक लिटरपेक्षा किंचित लहान इंजिन, डोक्यावर कॅमशाफ्ट, आणि तो फिरवायला रबरी दातेरी पट्टा. चार वर्षांनी, 1966 मध्ये, बीएमडब्ल्यूने ग्लास विकत घेतली. नाव गेलं, पट्टा राहिला.

त्याच 1966 साली फियाटने 124 च्या स्पोर्ट मॉडेलसाठी दोन कॅमशाफ्टचं, पट्ट्यावर चालणारं इंजिन आणलं. ते ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी केलं होतं, जे आधी फेरारीची मोठी व्ही-12 इंजिनं बनवायचे. अमेरिकेत पाँटिॲकनेही त्याच सुमारास पट्टा वापरला. 1974 ची फोक्सवॅगन गोल्फ येईपर्यंत सामान्य माणसाच्या गाडीत पट्टा रुळला होता. हलका, शांत, स्वस्त.

आता या स्वस्ताईचा हिशोब नीट बघूया, कारण माझ्या मते या गोष्टीचं मर्म तिथे आहे. कारखान्यात साखळी, तिची पेटी, तेलाची वाट हा सगळा खर्च वाचला. पण रबर म्हातारं होतं. त्यामुळे ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं झाली की पट्टा बदलायचं काम मालकाच्या वाट्याला आलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो. आज पटकन उरकतो आणि देखभाल पुढच्या माणसावर ढकलतो. फरक एवढाच की साखळी सैल झाली की बहुधा कुरकुरते, पट्टा गुपचूप जातो. ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हची जागा एकमेकांत शिरते, तिथे पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरवा. डिझेलमध्ये तर पिस्टनच्या वर जागाच फार कमी असते.

पण ज्या रचनेने हे काम मालकाच्या गळ्यात मारलं, तिनेच ते त्याच्या हाताच्या टप्प्यातही आणलं. साखळी इंजिनाच्या आत तेलात असते. पट्टा कोरडा आणि बाहेर. कव्हर काढलं की समोर. ब्रिटनमध्ये त्याच काळात जॉन हेन्स यांनी घरगुती दुरुस्तीची पुस्तकं काढायला सुरुवात केली होती. गाडी खरोखर सुटी करायची, परत जोडायची, आणि प्रत्येक पायरीचा फोटो द्यायचा. त्यांचं अशा प्रकारचं पहिलं पुस्तक 1966 चं. पुढे हजारो लोकांनी अशी पुस्तकं शेजारी ठेवून आपापल्या अंगणात पट्टे बदलले.

आपल्याकडे सर्वसामान्य घरात हा पट्टा पोचला तो मारुती 800 बरोबर, डिसेंबर 1983 पासून. पद्मिनीच्या साखळीला सरावलेल्या मेकॅनिकना नवीन काहीतरी शिकावं लागलं. आपण अंगणात नाही, गॅरेजमध्ये शिकलो. आणि ते ज्ञान छापलं गेलं कमी, हातातून हातात गेलं जास्त.

घरच्या जुन्या डिझेल गाडीचा पट्टा मी एका अनुभवी मेकॅनिक काकांबरोबर सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलला, तेव्हा हे कळलं. काकांनी आधी पहिला पिस्टन टॉपला आणला. मग क्रँक, कॅम आणि डिझेल पंप, तिन्ही पुलींवरच्या कंपनीच्या खुणा जुळवल्या आणि त्यांवर व्हाइटनरचे ठिपके दिले. पट्ट्याबरोबर टेन्शनरचं बेअरिंगही नवं घातलं, कारण ते अडकलं तर नवा पट्टाही मरतो. ताण बसवला. शेवटी चावी न लावता, पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. दोनच का? कारण तेव्हाच कॅमचा एक फेरा पुरा होतो आणि सगळ्या खुणा परत जागेवर यायला हव्यात. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. एवढ्या एका सवयीने इंजिन वाचतं.

म्हणून उत्तर: घरी होतं, पण त्या इंजिनाचं मॅन्युअल, योग्य हत्यारं आणि एक जाणता माणूस शेजारी असेल तर. प्रत्येक गाडीत ते तितकं सोपंही नाही. काही नव्या इंजिनांत पट्टा परत आत, तेलात गेलाय. तिथे चुकीचं तेल घातलं तर रबर झिजतं आणि त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात. बऱ्याच कंपन्या तर पुन्हा साखळीकडे वळल्या.

जाता जाता एक काम सांगतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर तिच्यात पट्टा आहे की साखळी, ते मॅन्युअलमध्ये बघा. पट्टा असेल तर तो शेवटी कधी बदलला, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर बदललेला नाही असंच धरा. आणि बदललात की तारीख आणि किलोमीटर लिहून बोनेटच्या आत चिकटवा. गाडी विकली जाईल तेव्हा पुढच्या मालकाला तेवढा तरी इतिहास मिळेल.

भेटू पुढच्या भागात.