तहानेची कट-ऑफ तारीख

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षी मुंबई आपला कचरा देवनारच्या खाडीकाठी टाकू लागली. इतिहासाच्या पुस्तकात या दोन नोंदी शेजारी शेजारी कधी येणार नाहीत. पण मी त्याच देवनारशेजारच्या गोवंडीत वाढले, पालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला आणि माझ्या वर्गात डम्पिंगच्या भिंतीलगतच्या वस्तीतून येणारी मुलं बसत. मला या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवताच आल्या नाहीत.

महाडची एक गोष्ट मुलांना पटकन कळत नसे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क होता, पण तो दप्तरात होता. प्रत्यक्ष पाणी घ्यायला गेलेल्यांना मारहाण झाली आणि मग कोर्टकचेरी सुरू झाली. हायकोर्टाचा निकाल दलितांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. “बाई, मग ठराव कशाला केला?” असं एका मुलीने विचारलं होतं. तिच्या घरी नळ नव्हता. प्रश्न तिने महाडबद्दलच विचारला होता, पण तो गोवंडीलाही तंतोतंत लागू होता.

आमचं कुटुंब मराठवाड्यातल्या परतूरकडचं. बहात्तरच्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिथेही भागेना, तेव्हा आई-वडील मुंबईला आले आणि फूटपाथवर राहिले. तिथून पालिकेच्या गाडीने आम्हाला गोवंडीतल्या शिवाजीनगरला आणून सोडलं. हे आवर्जून सांगते, कारण गोवंडीच्या लोकांनी जमिनी बळकावल्या असं सर्रास बोललं जातं. शिवाजीनगर पालिकेनेच आखलं. सरळ रस्ते, त्यांना नंबर, आणि दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट. शहराला नको असलेला कचरा जिथे जात होता, त्याच्याच शेजारी शहराला नको असलेली माणसं वसवली गेली. कुर्ल्याहून चेंबूरकडे पहिले रूळसुद्धा कचऱ्याच्या गाड्यांसाठी पडले होते, माणसांच्या लोकल नंतर आल्या. जमीन दलदलीची, भरणी कचऱ्याची. घराला वासा रोवताना खड्ड्यातून चिंध्या आणि प्लास्टिक निघायचं.

प्लॉट मिळाला, पाणी मात्र रस्त्याच्या टोकाच्या नळावर, तेही रात्री-अपरात्री. आई हंडे लावून नंबर धरायची आणि मला उठवून नंबरावर बसवून वडिलांचा डबा करायला घरी जायची. ड्रमला झाकण असायचं आणि झाकणाला कुलूप. नळावरच्या भांडणांची बाहेरचे लोक चेष्टा करतात, मला ती कधी सहन झाली नाही. दिवसभर कचरा वेचून आलेल्या बाईला दोन कळशांसाठी दुसऱ्या तशाच बाईच्या अंगावर धावून जावं लागत असेल, तर लाज त्या दोघींना नव्हे, पाणी सोडणाऱ्या शहराला वाटली पाहिजे. वेचणाऱ्या बायकांत बौद्ध, मातंग आणि मुसलमान घरच्याच जास्त असत, हेही नोंदवून ठेवते.

४ जानेवारी १९७६. त्या एका दिवसात सरकारने मुंबईतल्या सगळ्या झोपड्यांची गणना केली. ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाला. आमच्या मागच्या गल्लीतल्या मावशी दिराच्या दहाव्याला गावी गेल्या होत्या. परत आल्यावर त्या कचेरीत सांगत राहिल्या, “साहेब, मी इथलीच आहे हो, शेजारणीला विचारा.” शेजारणीच्या शब्दाला तिथे किंमत नव्हती. पुढची कित्येक वर्षं मावशी आमच्याच हंड्यामागे हंडा लावत.

त्याच वर्षी मे महिन्यात, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पाडली गेली. सुमारे सत्तर हजार माणसं तिथून उठवून चिता कॅम्पला नेली. जनता कॉलनीही मुळात पालिकेनेच शहरातून हलवलेल्या लोकांची. तिथे जोकिन अर्पुथम नावाचा कोलारच्या सोन्याच्या खाणींकडून आलेला तरुण राहत असे. पालिका कचरा उचलत नाही म्हणून त्याने वस्तीतल्या पोरांच्या हाती कचरा देऊन तो पालिकेच्याच कार्यालयासमोर नेऊन टाकायला लावला. पुढे त्याने झोपडीवासीयांचा देशव्यापी महासंघ उभा केला, मॅगसेसे पुरस्काराच्या मंचापर्यंत तो पोचला. पण कॉलनी वाचली नाही.

१९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फूटपाथवरच्या लोकांना हुसकावण्याचा हुकूम काढला आणि पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही फूटपाथवासी सुप्रीम कोर्टात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी म्हटलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. हे वाक्य जगभर शिकवलं जातं आणि ते मोठंच आहे. गोवंडीला मात्र त्याच निकालाचा पुढचा भागही वाचावा लागतो. लोकांना हलवायला कोर्टाने मनाई केली नाही, फक्त पावसाळा उलटेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितलं. आणि पर्यायी जागा कोणाला? ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र आहे त्यांना. मागच्या गल्लीतल्या मावशी तिथेही बाहेरच.

मग तारखा सरकत गेल्या. १९७६ ची १९८० झाली, १९८५ झाली, १ जानेवारी १९९५ झाली, पुढे २००० झाली. तारीख बहुधा निवडणुकीच्या तोंडावर उपकारासारखी जाहीर व्हायची. वाईट हे, की घर पाडायचं की नाही हे ठरवणारी तारीखच १९९६ च्या सरकारी परिपत्रकाने पाण्यालाही लावली. १९९५ नंतरच्या झोपडीला नळ नाही. तिथे जन्मलेल्या बाळाची तहानसुद्धा बेकायदा ठरली. २००४-०५ च्या हिवाळ्यात शहरभर सुमारे ऐंशी-नव्वद हजार घरं पाडली गेली. मंडालाची वस्ती तेव्हाच उठली आणि त्या मातीतून ‘घर बचाओ घर बनाओ’ आंदोलन उभं राहिलं. माझ्या वर्गातली काही मुलं त्या जानेवारीनंतर शाळेत आली नाहीत. ती कुठे गेली हे हजेरीपटावर कुठेच लिहिलेलं नसतं.

नळ नाही म्हणून कोणी पाण्यावाचून राहत नाही. ते विकत घ्यावं लागतं. पालिकेचं हजार लिटर पाणी काही रुपयांना पडतं, वस्तीत तेवढ्या पैशांत एक कॅनही येत नाही. शहरात सर्वांत महाग पाणी सर्वांत गरीब माणूस पितो. शिवाय पालिकेचा हिशेबच असा, की इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्याला ४५. कायदेशीर वस्तीतला झाला तरी ४५. हा फरक कुठल्या शरीरशास्त्रात बसतो, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पाणी हक्क समितीने ही १९९५ ची तारीखच हायकोर्टात नेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ए. एस. गडकरी यांनी निकाल दिला, की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पालिकेने धोरण आखावं. दर वाढीव लावला तरी चालेल, नळ मिळाला म्हणून झोपडी कायदेशीर होणार नाही, पण पाणी द्या. नव्वद वर्षांपूर्वीचा बोले ठराव मला त्या दिवशी फार आठवला. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर व्हायला २०२२ चा मे उजाडला.

ते तरी दप्तरात राहू नये म्हणून निवृत्तीनंतर मी वस्तीतल्या बायकांचे नळजोडणीचे अर्ज भरून देते. पाच घरं मिळून एक जोडणी, म्हणून पाच जणींच्या सह्या किंवा अंगठे एकत्र आणावे लागतात. एक जण गावी गेलेली असते, एकीच्या आधारवर जुना पत्ता असतो. लाइन कुठून टाकायची, पाइपाचा खर्च कोणी करायचा, यावर बैठक होते. अर्ज केला की पावती घ्या, तारखेसकट, आणि तिची झेरॉक्स पाचही घरांत ठेवा, हे मी प्रत्येकीला सांगते. एका गटाचा अर्ज परवा परत आला. पुरावा अपुरा म्हणून. सोमवारी आम्ही पाचही जणींना घेऊन वॉर्ड ऑफिसला जाणार आहोत. या खेपेला सोबत हायकोर्टाच्या निकालाची प्रत आहे.