‘ढ’ म्हणण्याआधी हे बघा : सीमाभागातल्या वर्गातली वेगळ्या पद्धतीने शिकणारी मुलं

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातल्या मराठी शाळेतल्या मुलाला तीन लिप्या सांभाळाव्या लागतात : मराठी-हिंदीसाठी देवनागरी, शिवाय कन्नड आणि इंग्रजी. त्यात अडखळणाऱ्या मुलावर ‘ढ’ किंवा ‘वांड’ असा शिक्का लवकर बसतो. पण काही मुलांचा मेंदू शिकतोच वेगळ्या पद्धतीने. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आणि एडीएचडी (अवधान टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता) ही त्याची ओळखीची उदाहरणं.

भाषा नवी की अडचण वेगळी?

फक्त कन्नडच अडत असेल, तर बहुतेक वेळा सराव कमी पडलेला असतो. घरच्या भाषेतही काना-मात्रा, जोडाक्षरं भरपूर सरावानंतर चुकत असतील, तर तज्ज्ञांकडून तपासणी करावी. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. घरी मराठी, लमाणी, उर्दू, जी भाषा असेल तिच्यातही मुलाला जोखावं.

ताकद कशी ओळखायची?

- धडा वाचता येत नाही, पण ऐकून अख्खी गोष्ट सांगता येते : तोंडी उत्तर घ्या, चित्र काढू द्या.
- एकाच विषयाचा नाद, बारकावे पक्के लक्षात : त्याच विषयातून गणित, भाषा शिकवा. दिवसाचा क्रम फळ्यावर लिहा. अचानक बदल अशा मुलांना जड जातो.
- बसवत नाही, पण कल्पना भराभर सुचतात : काम छोट्या तुकड्यांत द्या, मध्ये वही वाटायला उठवा.

प्रत्येक मूल वेगळं असतं. स्वमग्न मूल गणितात हुशारच असेल, असं नाही.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता लवकर ओळखून योग्य ती मदत देणं कलम १६ मध्ये अपेक्षित आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं; परीक्षेतल्या सवलती मात्र त्या-त्या मंडळाच्या नियमांप्रमाणे मिळतात.

मूल उदगीर-लातूरला गेलं किंवा कन्नड शाळेत दाखल झालं, की आधीच्या गुरुजींची माहिती मागेच राहते. त्याला काय जमतं आणि कशाने मदत होते, हे एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्यावं. नव्या शाळेत गुणपत्रिकेसोबत तोही दाखवता येतो.